वाचक विचारतात : स्वस्त कीबोर्ड आणि मंचावरचा भरीव आवाज

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. पाऊस ओसरला की सांगली-साताऱ्याकडे गणपती, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट आणि पुढे गावोगावच्या जत्रा अशी कार्यक्रमांची रांग लागते, आणि नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळून वाजवणाऱ्या मंडळींच्या मनात नवा कीबोर्ड घेण्याचा विचार घोळू लागतो. मी स्वतः नोकरी करता करता आधी पेटी आणि नंतर कीबोर्ड वाजवत आलो आहे, त्यामुळे या पत्रांमागची ओढ आणि खिशाची अडचण दोन्ही मला परिचित आहेत. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात शिक्षक असून गावच्या भजनी मंडळात पंधरा वर्षे पेटी वाजवतो. आता आम्ही भावगीतांचे छोटे कार्यक्रमही करू लागलो आहोत. माझी वीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानात कोणी चारशे टोनचा कीबोर्ड दाखवतो, कोणी सहाशे टोनचा. व्यावसायिक वाद्यवृंदात ऐकू येतो तसा आवाज या किमतीत मिळेल का?

उत्तर : टोनची, म्हणजे कीबोर्डात भरलेल्या वेगवेगळ्या वाद्यांच्या आवाजांची, संख्या ही आपण सर्वांत शेवटी पाहावी. एका कार्यक्रमात आपण फार तर आठ-दहा टोन वापराल. पियानो, व्हायोलिनचा समूह, बासरी, एखादा ऑर्गन आणि पाठीमागे संथ भरून राहणारा पॅड एवढे चांगले असले तर बाकीचे पाचशे नव्वद टोन नसले तरी काही बिघडत नाही. आधी पाहायचे ते हे, की पट्टी हलकी दाबली असता आवाज हलका आणि जोरात दाबली असता मोठा येतो की नाही. यालाच दुकानदार टच रिस्पॉन्स म्हणतात. यामाहाच्या पीएसआर-एफ५२ आणि पीएसआर-ई२७३ या प्राथमिक कीबोर्डांमध्ये ही सोय नाही, पीएसआर-ई३७३ मध्ये आहे, आणि कॅसिओच्या सीटी-एक्स७०० मध्येही आहे. ती नसलेल्या कीबोर्डावर कितीही कसलेला वादक बसवला तरी प्रत्येक स्वर सारख्याच जोराने उमटतो, आणि श्रोत्याला नेमके काय खटकते ते सांगता आले नाही तरी ते वादन त्याला खेळण्यासारखे वाटते.

आपण पेटीवादक आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पेटीवर आवाजाचा चढउतार डाव्या हातातल्या भात्यावर असतो. उजव्या हाताच्या बोटांनी पट्टी पूर्ण दाबली की त्यांचे काम झाले. त्यामुळे पेटीवर तयार झालेला हात टच असलेल्या कीबोर्डावर आला की पहिले काही आठवडे एक स्वर दबका आणि पुढचा एकदम मोठा असा अनुभव येतो. बहुतेक जण वैतागून ती सोय बंद करून टाकतात. आपण कृपया तसे करू नये. सेटिंगमध्ये टच ‘सॉफ्ट’वर ठेवावा आणि रोज पंधरा मिनिटे पियानोच्या टोनवर एकच अलंकार आधी अगदी हळू आणि मग क्रमाने मोठा होत जाईल असा वाजवावा. भात्यातून मोकळ्या झालेल्या डाव्या हातालाही आता नवे काम द्यावे लागेल. सुरुवातीला त्याने नुसते षड्ज-पंचम धरून ठेवले तरी पुरेसे आहे.

यानंतर पाहायचे ते एका वेळी किती स्वर वाजू शकतात. ई३७३ आणि सीटी-एक्स७०० या दोन्हींत ही संख्या ४८ आहे, ई२७३ मध्ये ३२. दहाच बोटे असताना ४८ स्वर कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु पायाने सस्टेन पेडल दाबून धरले की सोडलेले स्वरही चालूच राहतात, पियानोवर व्हायोलिनचा थर चढवला की प्रत्येक पट्टीमागे स्वर दुप्पट होतात, आणि तालाची साथ लावली असेल तर तीही याच संख्येतून खाते. संख्या संपली की आधी धरलेला एखादा स्वर मध्येच तुटतो, आणि तो नेमका खालच्या सप्तकातला असला की सगळी इमारत खचल्यासारखी वाटते.

या दोन्ही कीबोर्डांत एक उणीव आहे आणि ती दुकानात सहसा कोणी सांगत नाही : दोन्हींना स्वर वर-खाली ओढण्याचे पिच बेंडचे चाक नाही. भावगीतात बासरीच्या टोनवर छोटी मींड घ्यायची असेल, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचे असेल, तर हे चाक लागतेच. कॅसिओच्या सीटी-एक्स८०० ला ते आहे, यामाहाच्या एकसष्ट पट्ट्यांच्या पीएसआर-ई मालिकेत त्यासाठी ई४७३ पर्यंत वर जावे लागते. अंदाजपत्रकात थोडी ओढाताण करता आली तर मी चाकासाठी करीन, टोनसाठी करणार नाही.

दुकानात जाताना स्वतःचे हेडफोन घेऊन जावे. ई३७३ चे आतले स्पीकर अडीच-अडीच वॉटचे आहेत, आणि या वर्गातले स्पीकर एकूण इतके लहान असतात की त्यांवरून कीबोर्डाची पारख करणे म्हणजे खिडकीच्या फटीतून गाणे ऐकणे होय. पियानोचा टोन लावून मध्य सप्तकातला एकच स्वर अगदी हळूपासून अगदी जोरात दहा वेळा वाजवा आणि आवाज फक्त मोठा होतो की त्याचा रंगही बदलतो, इकडे कान द्या. खऱ्या पियानोत जोराने वाजवलेला स्वर अधिक उजळ होतो. मग तोच स्वर दाबून धरा आणि विरेपर्यंत ऐका. विरताना तो नैसर्गिकपणे मंद होत गेला तर उत्तम. ठरावीक अंतराने गरगरल्यासारखा पुन्हा पुन्हा येत राहिला तर ध्वनिमुद्रित नमुना आखूड आहे आणि त्याच तुकड्याची आवृत्ती होते आहे असे समजावे. या दोन कसोट्यांना उतरलेला कीबोर्ड चांगल्या बाहेरच्या स्पीकरवर लावला की आपल्याला अपेक्षित असलेल्या आवाजाच्या बराच जवळ जातो. उरलेले अंतर कोठे पडते, ते पुढच्या पत्रात आले आहे.

प्रश्न : साताऱ्यातील आमच्या मंडळाचा हौशी वाद्यवृंद आहे. माझा कीबोर्ड घरी हेडफोनवर अतिशय सुंदर वाजतो, पण मंडळाच्या साउंडला जोडला की पियानो डब्यातून आल्यासारखा पोकळ येतो, बेस तर जवळजवळ नाहीसाच होतो. साउंडवाले म्हणतात, कीबोर्डच हलका आहे, महागातला घ्या. खरोखर बदलावा का?

उत्तर : बदलू नये. आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की दोष वायरीत आहे असे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. हाच प्रकार माझ्या बाबतीत कृष्णाकाठच्या एका गावातल्या कार्यक्रमात घडला होता. गायिकेने पहिले कडवे संपवले, मी पियानोवरचा तुकडा वाजवला आणि समोरच्या स्पीकरमधून पियानो न येता त्याची दूरवरची सावली आल्यासारखी वाटली. मध्यंतरापर्यंत मी घाम पुसत सगळे टोन बदलून पाहिले. कारण मात्र जोडणीच्या वायरीच्या टोकाशी होते.

आपल्या कीबोर्डाला बहुधा हेडफोनचे आणि आउटपुटचे मिळून एकच भोक असेल. त्यात जाणारी जाड पिन हातात घेऊन पाहा. तिच्यावर दोन काळी कडी असतील तर ती स्टिरिओ पिन आहे : टोकावर डावा आवाज, मधल्या पट्ट्यावर उजवा, आणि मुळाशी अर्थिंग. आता हीच दोन कड्यांची वायर दुसऱ्या टोकाने मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये घातली की घोटाळा होतो, कारण मिक्सरचे ते भोक स्टिरिओसाठी नसून बॅलन्स्ड जोडणीसाठी बनवलेले असते. लांब वायरीत शिरणारी खरखर काढून टाकण्यासाठी मिक्सर तेथे टोकावरच्या आवाजातून मधल्या पट्ट्यावरचा आवाज वजा करतो. खरखर दोन्हींवर सारखी आलेली असते म्हणून ती वजाबाकीत नाहीशी होते, आणि ही योजना मायक्रोफोनला फार उपयोगी पडते. आपल्या बाबतीत मात्र डावा वजा उजवा असा हिशेब होतो. बेस, पियानोचा गाभा, ढोलकीचा ठोका, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे असलेले सर्व काही गळून पडते आणि दोन्ही बाजूंना वेगळा असलेला तेवढा घुमारा शिल्लक राहतो. तोच आपला डब्यातला आवाज.

उपाय अगदी थोड्या पैशांचा आहे. एका बाजूला दोन कड्यांची एक पिन आणि दुसऱ्या बाजूला एकेक कड्याच्या दोन पिना अशी वायर दुकानात तयार मिळते. तिच्या दोन पिना मिक्सरच्या दोन वेगवेगळ्या चॅनेलमध्ये लावाव्यात, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे वळवावा. मंडळाचे स्पीकर एकाच आवाजावर, म्हणजे मोनोवर चालत असतील तर फक्त एकच पिन लावून पाहावी आणि दोन्हींपैकी ज्या पद्धतीने पियानो अधिक ठाम येतो ती ठेवावी. कीबोर्डाचा आवाज पाऊण भागावर ठेवून बाकीचे मिक्सरवर घ्यावे. कीबोर्ड अगदी कमी ठेवून मिक्सर वर चढवला की खरखरही त्याच्याबरोबर चढते. मिक्सर मंचापासून पाच-सहा मीटरहून लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स घालावा. हा छोटासा डबा कीबोर्डाच्या साध्या वायरीतला आवाज मायक्रोफोनसारख्या बॅलन्स्ड जोडणीत बदलतो, आणि मंडळाने असे दोन डबे घेऊन ठेवले तर पुढे कोणताही कीबोर्ड आला तरी ते उपयोगी पडतात. ज्या कीबोर्डांना डावे आणि उजवे आउटपुट वेगळे असते, उदाहरणार्थ यामाहा ई४७३ किंवा कॅसिओ सीटी-एक्स५०००, त्यांच्यात ही चूक होण्याचा संभव मुळातच कमी राहतो. एकच वायर असेल तर ‘एल/मोनो’ किंवा ‘एल/एल+आर’ असे लिहिलेल्या भोकात लावायची एवढे लक्षात ठेवावे लागते.

वायर सुधारूनही सतत हुंऽऽ असा आवाज येत राहिला तर अॅडॉप्टर काढून कीबोर्ड बॅटरीवर चालवून पाहा. हुंकार थांबला तर कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या विजेच्या जोडणीतून तो येतो आहे हे निश्चित झाले. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावरून घ्यावीत, किंवा तो कार्यक्रम सरळ बॅटरीवर करावा. आणखी एक, मांडवात आणि रिकाम्या सभागृहात आवाज आधीच घुमत असतो, म्हणून कीबोर्डातला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, घरी जेवढा ठेवता त्याच्या निम्म्याने कमी करावा. हेडफोनवर गोड वाटणारा रिव्हर्ब मांडवात चिखल करतो.

आपल्या साउंडवाल्यांना हे समजावून सांगताना दोष देण्याचा सूर नसावा. त्यांचे बहुतेक काम मायक्रोफोनचे असते आणि त्यासाठी त्यांची जोडणी बरोबरच असते.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी वाईत पेटी शिकते. तिला कीबोर्ड घेताना अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा घ्यावा का?

उत्तर : तिला पाश्चात्त्य पियानोच शिकवायचा असेल तर घ्यावा, एरवी एकसष्ट पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, भरपूर होतात. पट्ट्या पूर्ण आकाराच्या असाव्यात, बारीक पट्ट्यांच्या कीबोर्डावर बसलेला हात पुन्हा पेटीवर चुकतो.

प्रश्न : मी मिरजेत राहतो. घराण्यात तंतुवाद्यांची आवड आहे. कीबोर्डवर खरी वाटेल अशी सतार, तंबोरा आणि पेटी वाजवता येईल का? भारतीय संगीतासाठी खास बनवलेले कीबोर्ड त्यासाठी घ्यावेत का?

उत्तर : मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ज्या गावात भोपळ्यापासून जवारीपर्यंत तंबोरा हाताने घडतो तेथून हा प्रश्न यावा याचे मला अप्रूप वाटले. तंबोऱ्याचा जीव जवारीत असतो. तार घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागाला पुसटसा स्पर्श करत कंप पावते, त्यामुळे एकाच स्वरातून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात, आणि दोन फेऱ्या कधीही तंतोतंत सारख्या होत नाहीत. कीबोर्डात ध्वनिमुद्रित केलेली एकच फेरी फिरत राहते. कान पाच मिनिटांत ती ओळखतो आणि मग ऐकेनासा होतो. सतारीचे तसेच आहे : एकेक स्वर सतारीचा वाटतो, पण दोन स्वरांमधली वाट, जी तार ओढून घेतली जाते, ती नसते.

ती वाट काही अंशी पिच बेंडच्या चाकाने आणता येते. बहुतेक कीबोर्डांत हे चाक मुळात दोन अर्धस्वरांपर्यंत ओढण्यासाठी लावलेले असते, म्हणजे षड्जावरून पूर्ण ओढले की शुद्ध ऋषभ मिळतो. ही मर्यादा वाढवण्याचा मोह टाळावा. दोन अर्धस्वरांवर बोट स्थिर होते, बारावर किंचित हललेले चाकही स्वर बिघडवते. डाव्या हाताच्या अंगठ्याने चाक आधीच खाली ओढून ठेवायचे, पट्टी दाबायची आणि मग हळूहळू सोडत स्वरावर यायचे, असा सराव केल्यास बासरी आणि व्हायोलिनच्या टोनवर समाधान वाटेल इतकी मींड येते.

दुसरी अडचण स्वरस्थानांची आहे आणि ती पेटीइतकीच जुनी आहे. कीबोर्डाचे सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले असते. प्रत्येक भाग शंभर सेंटचा धरला तर शुद्ध गंधार चारशे सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक लहान दिसतो, परंतु शांत आलापीत गायकाला तो टोचतो. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीला दूर ठेवले होते, त्या वेळच्या आक्षेपांत मींड नसणे आणि स्वरस्थाने अचल असणे हे दोन्ही होते. गंमत अशी की पेटीला जे जमत नाही ते काही कीबोर्डांना जमते : ज्यांत स्केल ट्यूनची सोय आहे त्यांत प्रत्येक स्वर वेगळा वर-खाली करता येतो. आपल्या कीबोर्डात ती असेल तर शुद्ध गंधार चौदा सेंटने उतरवा, कोमल गंधार सुमारे सोळा सेंटने चढवा, मागे खरा तंबोरा लावा आणि ऐका. हे करून पाहिल्यावर मी काही वेळ नुसता गंधारच वाजवत बसलो होतो. मात्र ही जुळणी एकाच षड्जासाठी असते. पट्टी बदलली की ती पुन्हा करावी लागते.

यामाहाची पीएसआर-आय मालिका आणि कॅसिओचे ‘आयएन’ अक्षरांनी संपणारे कीबोर्ड भारतासाठी बनवलेले आहेत आणि त्यांत भारतीय वाद्यांचे टोन आणि आपले ताल दिलेले असतात. घरच्या रियाजाला ते सोयीचे आहेत. मंचावर मात्र माझे मत असे, की सतार, तंबोरा आणि पेटी ही वाद्ये आपल्याकडे खरी उपलब्ध आहेत ती खरीच वापरावीत आणि कीबोर्डाकडून पॅड, व्हायोलिनचा समूह, बेस अशा गोष्टी घ्याव्यात, ज्यांसाठी एरवी सहा-सात माणसे लागली असती.

प्रश्न : मी कराडला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी पीएसआर-ई३७३ आहे, लॅपटॉप आहे, आणि साठवलेले दहा हजार रुपये आहेत. सिंथेसायझरचे आवाज तयार करायला शिकायचे आहे. छोटा सिंथ घेऊ की मिडी कंट्रोलर?

उत्तर : सध्या तुम्ही काहीच घेऊ नका. तुमच्या कीबोर्डाच्या मागे यूएसबीचे भोक आहे. साधी प्रिंटरची वायर लावली की तोच मिडी कंट्रोलर, म्हणजे कोणती पट्टी किती जोराने दाबली हे मिडीच्या भाषेत लॅपटॉपला कळवणारा, होतो, आणि ई३७३ तर त्याच वायरीतून आवाजही लॅपटॉपपर्यंत नेतो, म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी वेगळा इंटरफेस सध्या लागणार नाही. नवी यंत्रे घेण्याआधी ‘सर्ज एक्सटी’ हे संपूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत असलेले सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ‘व्हायटल’चीही मोफत आवृत्ती आहे आणि तिच्यात ध्वनिलहरी पडद्यावर हलताना दिसतात, त्यामुळे शिकायला ती फार चांगली. यामाहाचा डीएक्स७ हा १९८३ मधला सिंथेसायझर स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंपने बदलत नवा आवाज घडवण्याच्या पद्धतीवर, चालत असे. त्या काळात तो घेणे आपल्याकडच्या हौशी वादकाच्या आवाक्याबाहेरचे होते. आज ‘डेक्स्ड’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याची रचना जशीच्या तशी उतरली आहे आणि मूळ डीएक्स७ साठी केलेले आवाजही त्यात उघडतात. मिडीचे पहिले जाहीर प्रात्यक्षिकही १९८३ च्याच जानेवारीत अमेरिकेत झाले. प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका वायरीने जोडून दाखवले गेले. तुम्ही आज पट्टी दाबता तेव्हा यूएसबीमधून तीच भाषा धावते.

तुम्हाला अडवेल ती लेटन्सी, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब. लॅपटॉप आवाजाचे तुकडे साठवून पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगात २५६ नमुन्यांचा एक तुकडा सुमारे ५.८ मिलिसेकंद घेतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो, तेव्हा हा विलंब स्पीकर दोन मीटर लांब ठेवल्याएवढा झाला आणि तो हाताला जाणवत नाही. १०२४ चा तुकडा ठेवला तर तोच आठ मीटरवर जातो आणि लय तुटते. विंडोज असल्यास यामाहाचा ड्रायव्हर किंवा ‘एएसआयओ४ऑल’ बसवा, तुकडा २५६ वर आणा, आणि आवाज फुटू लागला तर एक पायरी वर जा.

सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात एका साध्या करवती लहरीपासून करा. फिल्टर, म्हणजे आवाजातला उजळपणा गाळणारी चाळणी, जवळजवळ बंद करा, मग पट्टी दाबल्यावर तो किती वेगाने उघडतो एवढेच बदलत राहा. लगेच उघडला तर ब्रास, सावकाश उघडला तर पॅड. असे दहा आवाज स्वतः घडवून झाले की तुमच्या हाताला कोणती बटणे हवी आहेत ते तुम्हालाच कळेल, आणि मग ते दहा हजार रुपये योग्य ठिकाणी जातील. लॅपटॉप घेऊन मंचावर जाण्याची घाई मात्र नको.

प्रश्न : इस्लामपूरच्या आमच्या भजनी मंडळात पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजले की बेसूर वाटते. दोन्ही काळी दोनमध्येच असतात.

उत्तर : पट्टी एकच असली तरी पेटीचे सूर थोडे चढे किंवा उतरलेले असणार. कीबोर्ड मुळात मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाचा स्वर ४४० हर्ट्झ धरून येतो; जुन्या पेट्या क्वचितच नेमक्या तेथे असतात. पेटीचे सूर कानशीने खरवडून घेण्यापेक्षा कीबोर्डातील ‘ट्यूनिंग’ हे सेटिंग काढा आणि पेटीवर तोच स्वर धरून ठेवून दोन्हींमधली लहरणारी थरथर थांबेपर्यंत एकेक पायरी बदला. भजन सुरू होण्यापूर्वी रोज दोन मिनिटे लागतील.

प्रश्न : सांगलीत आम्ही सहा जण मिळून वाद्यवृंद चालवतो. सर्वांनी वर्गणी काढून पन्नास हजार रुपये जमवले आहेत. आता अरेंजर कीबोर्ड नको, सिंथच हवा असे ठरले आहे. नवा घ्यावा की जुना? घेताना काय तपासावे?

उत्तर : आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. ज्यात ताल आणि आपोआप साथ असते आणि आतच स्पीकर असतात तो अरेंजर. ज्यात आवाज मुळापासून घडवता येतात, थर आणि विभाग करून गाण्यागणिक साठवता येतात आणि जो बाहेरच्या स्पीकरशिवाय मुका असतो, त्याला आपल्याकडे वाद्यवृंदातील लोक सिंथ म्हणतात. तुमच्याकडे ढोलकी, ऑक्टोपॅड आणि बेस गिटार वाजवणारी माणसे असतील तर तुमचा निर्णय योग्य आहे, कारण साथीची यंत्रे तुमच्या माणसांशी भांडतातच. मात्र कॉर्गच्या मायक्रोकॉर्गसारखे छोटे सिंथ नाव एकच असल्यामुळे चुकून घेऊ नयेत. त्याला सदतीस बारीक पट्ट्या आहेत आणि एका वेळी चारच स्वर वाजतात. ते सुंदर यंत्र आहे, पण तुमच्या कामाचे नाही.

रोलॅंडचा एक्सपीएस-१० हा आपल्याकडच्या वाद्यवृंदांत बराच दिसतो. एकसष्ट पट्ट्या, वजनाला हलका, भारतीय टोन आणि यूएसबीवरचे तयार आवाज वाजवण्याची सोय असल्यामुळे त्याचा विचार आधी करावा. त्याच कंपनीचा ज्युनो-डीएस६१ आवाजाने अधिक श्रीमंत आहे आणि बॅटरीवरही चालतो; तो तुमच्या रकमेत जुनाच मिळण्याचा संभव आहे. माझी पसंती, चांगल्या स्थितीतला मिळाला तर, जुन्या ज्युनोला आहे.

जुना घेताना एक तास काढून बसावे. पियानोचा टोन लावून एकसष्टही पट्ट्या एकेक करून आधी अगदी हळू आणि मग मध्यम जोराने वाजवाव्यात. प्रत्येक पट्टीखाली रबरी कळीचे दोन स्पर्श असतात. पहिला आणि दुसरा स्पर्श यांमध्ये किती वेळ गेला त्यावरून यंत्र जोर मोजते. धूळ किंवा दमट हवेमुळे त्यांतला एक खराब झाला की ती पट्टी एक तर मुकी होते किंवा हळू दाबूनही दचकवेल इतकी मोठी वाजते. अशा दोन-तीन पट्ट्या असतील तर साफसफाईने किंवा रबराची पट्टी बदलून काम होते आणि किंमत उतरवून घेता येते. सगळ्या मधल्या सप्तकात तसे असेल तर सोडून द्यावा. पिच बेंड सोडल्यावर स्वर नेमका जागेवर येतो का, आवाजाचे बटण फिरवताना खरखरते का, डावे आणि उजवे दोन्ही आउटपुट सारखे वाजतात का, हे पाहावे. पेडल लावून पाहताना यंत्र सुरू करतेवेळी पाय त्यावर नसावा. बरीच यंत्रे त्याच क्षणी पेडलाची दिशा ठरवतात आणि पाय असला तर ते उलटे चालू लागते, मग चांगले पेडलही बिघडल्यासारखे वाटते.

मूळ अॅडॉप्टर यंत्राबरोबर घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तो हरवला आहे असे सांगून कोणी दुसरा हाती दिला तर यंत्राच्या पाठीवर किंवा तळाशी छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि मधल्या टोकाचे धन-ऋण चिन्ह नव्या अॅडॉप्टरवरच्या आकड्यांशी आणि चिन्हाशी स्वतः ताडून पाहावे, आणि ते जुळल्यावरच पिन आत सारावी.